गळा दुसऱ्याच्या हातचा

सानगडीत विणलेला स्वेटर साकोलीच्या बसस्टँडवर दुरूनही ओळखू येतो. एक तर त्याची बाही खांद्यावर सरळ बसत नाही, काखेतून गळ्यापर्यंत तिरपी जाते. आणि दुसरं म्हणजे त्याच्या गळ्याचं आणि अंगाचं जमत नाही. अंगाची वीण घट्ट असली तर गळा सैल, अंग सैल असलं तर गळा घट्ट. बाहेरचा माणूस म्हणतो, विणणारीचा हात एकसारखा नाही. अहो, एकसारखा कसा असेल? अंग एकीने विणलेलं आणि गळा दुसरीने! सानगडीत कोणतीही बाई आपल्या स्वेटरचा गळा आपण घालत नाही. तशी रीतच आहे.

आता रीत म्हटली की लोकांना वाटतं, वाडवडिलांपासून आली असेल. छे! ही रीत एका बाईने एका दुपारी, अंगाला दरदरून घाम फुटलेला असताना काढली. त्या बाईचं नाव बायजाबाई रामटेके.

बायजाबाईचं वय सहासष्ट. उंची साडेचार फूट, पण आवाज सहा फुटाचा. आरोग्य उपकेंद्रात तीस वर्षं मदतनीस होती, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांना तिने जन्मताना पाहिलेलं आहे आणि त्यांच्याशी ती तशीच बोलते. धान घरात आलं, बायकांचे हात जरा मोकळे झाले, की तिच्या अंगणात चटया पडतात. दुपारी जेवणं आटोपून आठ-दहा जणी उन्हात बसतात. कुणाच्या मांडीवर नातवाचं टोपडं असतं, कुणाच्या मांडीवर नवऱ्याचा स्वेटर. बोरांचा वाटा मध्ये ठेवलेला असतो आणि बायजाबाई या चटईवरून त्या चटईवर फिरत असते. स्वतः विणते कमी, दुसऱ्याचं बघते जास्त.

"रीता, थांब. नवा गोळा कुठं जोडून राहिली? मधात? अवो, मधात गाठ मारली तं ते नेमकी पोटावर येते. सगळ्या जगाले दिसते. ओळ संपू दे, कडेले जोड. कड शिवणीत जाते."

रीता गावातली सगळ्यात बोलकी बाई. ती बोलण्याच्या नादात गाठ कुठेही मारायची.

मग पुढच्या चटईवर. "सुरुवातीचे फंदे दोन सुया संग धरून घाल, मंग एक सुई अलगद ओढून घे. नाई तं बॉर्डर अशी घट्ट बसते का हात जात नाई." पुस्तकात ज्याला टाके म्हणतात, त्याला या अंगणात फंदे म्हणतात. "अन गळ्याच्या आधी सगळ्या फंद्यांतून एक सुती धागा ओवून ठेवत जा. कितीबी उसवा लागलं तरी धाग्याच्या खाली जात नाई."

आणि जिचा हात घट्ट, तिची तर धडगत नसायची. "सैल सोड, सैल! फंदा होय तो. बैल बांधून राहिली का?"

तिचा प्रत्येक उपदेश असा ठोकर खाऊन आलेला होता. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गोळे लावून, बरोबरच विणायच्या हा तिचा कडक नियम. त्यामागे शेजारच्या बाबूलालची कोंबडी आहे. पूर्वी बायजाबाई ओळी मोजायला धानाचे दाणे वापरायची. एक ओळ झाली की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. एकदा भात उतरवायला आत गेली आणि कोंबडीने येऊन अकरा ओळी खाऊन टाकल्या! बाईने उरलेले दाणे मोजले आणि आपली विणत गेली. तिच्या पोराची, अश्विनची, डावी बाही नखाच्याही पुढे गेली आणि त्या हिवाळ्यात पोराला नाक पुसायला रुमाल लागला नाही. तेव्हापासून बायजाबाई मोजायला चिंचोके घेते आणि बाह्या जोडीनेच विणते. बाबूलाल अजून सांगत फिरतो, की गावाला विणकाम त्याच्या कोंबडीने शिकवलं.

या अंगणात सगळ्यात जास्त बोलणी कुणी खाल्ली असतील तर ती कीर्तीने. कीर्ती म्हणजे कापडवाल्या सुमित्राबाईंची सून, नागपूरची पोरगी. तिच्या विणीत अशी भोकं पडायची की बायजाबाई म्हणायची, "हे स्वेटर नोको म्हणू बाप्पा, तलावात नेऊन टाक, मासोळ्या सापडतीन." पण देवाने म्हणा की सवयीने म्हणा, त्या पोरीच्या हाताला गळा मोठा सुरेख होता. ज्याला त्याला आपला गळा कीर्तीकडूनच हवा असायचा.

बायजाबाईच्या स्वेटरांचे गळेही दुसऱ्याच घालायच्या. ती पार गळ्यापर्यंत विणून आणायची आणि सुईसकट कुणाच्या तरी मांडीवर टाकायची. मोठ्या मनाची बाई, स्वतः केलेली रीत स्वतः पाळते, असं लोक म्हणायचे.

आता खरं सांगतो. बायजाबाईला गळा येतच नव्हता.

त्याचं असं झालं. छत्तीस वर्षांपूर्वी उपकेंद्रात एलियम्मा नावाची केरळची सिस्टर होती. दुपारी पेशंट नसले की विणत बसायची. एवढ्या गरम मुलखातली बाई स्वेटर विणते म्हणून बायजाबाई आधी हसली, मग जवळ बसली, मग शिकली. सिस्टरने फंदे घालायला शिकवलं, सुलट-उलट शिकवलं, दोन फंदे एकत्र विणत तिरपी बाही गळ्यापर्यंत कशी घटवत न्यायची ते शिकवलं. पाठ, पोट, दोन्ही बाह्या, सगळं गळ्याशी येऊन पोचलं. सगळे फंदे सुईवर उघडे. "नेक्स्ट वीक गला," सिस्टर म्हणाली. आणि नेक्स्ट वीक तिची बदली झाली. जाताना दहा नंबरच्या सुया देऊन गेली, केळ्याचे वेफर देऊन गेली, पण गळा मात्र घेऊन गेली.

गावात विचारायला दुसरं कुणी नाही. सुई काढावी तर सगळं उसवणार. बायजाबाईने दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग परकराची नाडी घेऊन सगळ्या फंद्यांतून ओवली, सुई काढली आणि पुढे गाठ मारली. अश्विन तो नाडीचा स्वेटर घालून दोन हिवाळे शाळेत गेला. कुणी विचारलं तर बायजाबाई ठणकावून सांगायची, "फॅशन होय हे! सिस्टर सांगून गेली."

तोवर गावात तिचं नाव झालं होतं. पहिली शिकायला आली ती सुमित्राबाई. माहेर पवनीचं, घरी हातमाग, धाग्याशी लहानपणापासून ओळख. दीड महिन्यात ती गळ्यापर्यंत आली आणि सुई पुढे करून म्हणाली, "बाई, आता सांग." भोवती चार बायका बसलेल्या. बायजाबाईच्या कपाळावर घाम जमला आणि मग तोंडातून निघून गेलं ते निघून गेलं.

"आपल्या स्वेटरचा गळा आपण घालू नाई, सुमित्रा. दुसऱ्याच्या हातानं घालाव. त्यानं स्वेटर वापरणाऱ्याले गुण येते."

कुठला गुण, कशाचा, काही पत्ता नाही. सुमित्राबाईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाली आणि कोंढ्याला आपल्या बहिणीकडे जाऊन गळा शिकून आली. मग सुमित्राबाईने पुढचीचा गळा घातला, तिने तिच्या पुढचीचा, आणि रीत पडली.

यात बायजाबाईला टोचायचं ते वेगळंच. रामटेक्यांच्या घरात शकुन-अपशकुनाला थारा नव्हता. सासऱ्याने छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा हे सगळं गाठोडं बांधून घराबाहेर काढलं होतं. बायजाबाई स्वतः दर पौर्णिमेला विहारात जाणारी, बाळाच्या गालावर काळा टिक्का दिसला तर उपकेंद्रात त्याच्या आईला सगळ्यांसमोर झापणारी. आणि तिनेच गावात एक नवाकोरा शकुन सोडून दिला! अश्विन पुढे साकोलीला शाळेत मास्तर झाला. तो अधूनमधून म्हणायचा, "आई, हे तुही गळ्याची रीत म्हणजे अंधश्रद्धा होय हं."

"तू चूप बस, नाडीवाल्या," बायजाबाई म्हणायची. पण विहारात बसली असताना एखाद्या वेळी ते शब्द आठवायचे आणि ती चुळबुळ करायची.

तर असं सगळं बिनबोभाट चाललेलं असताना, यंदाच्या डिसेंबरात अश्विनच्या मुलीला, खुशबूला, नोकरी लागली. खुशबू नर्सिंग झालेली, बावीस वर्षांची. नोकरी कुठे, तर थेट हिमाचलात, डोंगरातल्या एका दवाखान्यात. बारा जानेवारीला निघायचं होतं. घरात बॅगा आल्या, कानटोप्या आल्या, खुशबूची आई प्रतिक्षा चिवड्याच्या तयारीला लागली. आणि एका संध्याकाळी खुशबू आजीच्या मांडीला मांडी लावून बसली.

"आजी, मले स्वेटर पायजे. पण सगळा तुह्या हातचा. गळा बी."

"गळा दुसऱ्याच्या हातचा असते. तुले मालूम नाई का?"

"मालूम हाय ना. लहानपणापासून माह्या एकाबी स्वेटरचा गळा तुह्या हातचा नाई. सुमित्राआजीचा हाय, रीताकाकूचा हाय, कीर्तीकाकूचा हाय. इथं चालते, इथं सगळे आपलेच. तिकडं मले कोण ओळखते? थंडी वाजली, गळ्याशी हात गेला, तं तिथं तू पायजे."

आता यावर कोणती आजी नाही म्हणेल? बायजाबाई "हो" म्हणून बसली.

दुसऱ्याच दिवशी साकोलीहून मोरपंखी लोकर आली. गोळे दोन गठ्ठ्यांतले निघाले, रंगात उन्नीस-बीस. बायजाबाईने एक ओळ या गोळ्याची, एक ओळ त्या गोळ्याची असं करत तो फरक पार जिरवून टाकला. दहा दिवसांत स्वेटर गळ्याशी आला. तिने सवयीने फंद्यांतून पांढरा सुती धागा ओवला आणि थांबली.

अंगणात बातमी पोचायला वेळ लागला नाही. रीताने पोचवली.

"मावशी, आयकलं ते खरं हाय का? खुशबूचा गळा तुम्हीच घालून राहिल्या म्हणते?"

"हो."

"नोका बाप्पा असं करू! पोट्टी एवढ्या दूर चालली. तिले काही झालं गिलं तं?"

"काही होत नाई! असं काही नसते!" बायजाबाई ओरडलीच.

"आता घ्या! तुम्हीच तं सांगत होत्या."

रीताच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी होती. ती चेष्टा करत असती तर बायजाबाईने तिला उभी सोलली असती. पण ही बाई खरंच घाबरली होती, आणि घाबरवणारी कोण, तर आपण. बायजाबाईने बोराची बी थुंकली, सुया गोळा केल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा अंगण सगळ्यांच्या आधी सोडून आत गेली. तिला स्वतःची फार लाज वाटली.

पण हटणारी बाई नव्हती ती. प्रतिक्षाचा फोन मागून घेतला, धानाच्या पोत्यांच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि गळा कसा बंद करतात त्याचा व्हिडिओ लावला. एक हिंदी बहेनजी होती, नखं रंगवलेली. बोटं तिची अशी चालायची की पाहणाऱ्याला चक्कर यावी, आणि मध्येच साबणाची जाहिरात. बायजाबाईने तो व्हिडिओ सतरा वेळा पाहिला. गळ्याची पट्टी तर ती विणूच शकत होती, बॉर्डरसारखीच. अडलं होतं ते शेवटी. दोन फंदे विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून टाकायचा, परत एक विणायचा, परत मागचा उचलून टाकायचा. बस, एवढंच! एवढ्याशा गोष्टीसाठी छत्तीस वर्षं गेली म्हणून तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

मात्र मनात धास्ती, की हे उसवलं तर? डोंगरात, एवढ्या थंडीत, पोरीच्या गळ्याशी उसवलं तर? म्हणून तिने एकेक फंदा दातओठ खाऊन आवळला. पुरा गळा आवळून बंद केला आणि खुशबूला हाक मारली.

खुशबूने स्वेटर डोक्यात घातला. तो कपाळापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"ओढ जरा," बायजाबाई म्हणाली.

"ओढून राहिली ना आजी! कान!"

प्रतिक्षा धावत आली. तिने वरून ओढलं, आजीने खालून ओढलं, मध्ये खुशबूच्या केसांची क्लिप अडकली. दोन्ही हात वर करून पोरगी खोलीभर आंधळी फिरली आणि पाण्याच्या माठाला धडकता धडकता वाचली. शेवटी एकदाचा स्वेटर निघाला, तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

"थोडासा टाइट हाय आजी," खुशबू म्हणाली. "वापरीन ना मी."

"डोक्याशिवाय वापरशीन का?"

तिघी पोट धरधरून हसल्या. पण हसणं ओसरल्यावर बायजाबाई मागच्या दारी पायरीवर जाऊन बसली आणि तिला रडू आलं. चार दिवस उरले होते. गावातल्या तीन डझन बायकांना जिने 'हात सैल सोड' म्हणून डोकं खाल्लं, तिच्याच हाताला ते कळलं नाही. उसवून परत घालता आलं असतं, पण किती सैल सोडायचं हे फोनमधली बहेनजी सांगत नव्हती. ते शेजारी बसून, हातावर हात ठेवूनच सांगावं लागतं. हे बायजाबाईइतकं कुणाला ठाऊक?

कुणाला विचारायचं? नाव एकच समोर येत होतं, आणि नेमकी तिलाच सगळ्यात जास्त बोललेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायजाबाईने स्वेटर पिशवीत घातला आणि सुमित्राबाईंच्या घरी गेली. पुढे कापडाचं दुकान, मागे घर. कीर्ती ओट्यावर लाखोळीची भाजी निवडत बसली होती.

"कीर्ती, मले गळा शिकव."

"कोणता मावशी? गोल का व्ही?"

"कोणताबी. मले एकबी येत नाई." बायजाबाईने एक श्वास घेतला. "कधीच येत नव्हता. ते गुण गिन सगळं मी मनानं सांगतलं होतं. लपवाले."

झालं. बोलून झालं. आता ही पोरगी हसेल, संध्याकाळपर्यंत गावभर होईल, असं धरून बायजाबाई मान खाली घालून उभी राहिली. कीर्तीने भाजीतली एक काडी बाजूला काढली.

"मालूम हाय, मावशी."

"काय मालूम हाय?"

"हेच. तुमाले गळा येत नाई ते."

"कोणं सांगतलं?" सहा फुटी आवाज परत आला.

"मी सांगतलं," आतून सुमित्राबाई बोलली आणि पदराला हात पुसत बाहेर आली. "अन मले कोणं सांगा लागत होतं का? तुहा पोरगा दोन हिवाळे नाडीचा स्वेटर घालून गावात फिरला, बायजा. गाव का आंधळं होतं? एक त्या रीताले सोडली तं सगळ्यायले मालूम हाय. तिले काहून नाई सांगतलं, ते तुले समजतेच."

बायजाबाईने पिशवी ओट्यावर आपटली. मग तिला राग आला, चांगला सणकून आला. "इतके साल! इतके साल माह्या तोंडाकडं पाहून हसत होत्या तुम्ही! मंग बोलली काहून नाई एकबी जण?"

"पयले वाटलं, तुले वाईट वाटन," सुमित्राबाई म्हणाली. "मंग..." ती अडली आणि सुनेकडे पाहू लागली.

पुढचं कीर्तीनेच सांगितलं. सात वर्षांपूर्वी भूषणने, सुमित्राबाईंच्या मुलाने, कोर्टात लग्न करून कीर्तीला घरी आणली. सासू चार महिने सुनेशी बोलली नाही. एक शब्द नाही. ताट वाढलं तर ते न बोलता पुढे सरकवायचं, एवढंच. त्या हिवाळ्यात रीताने कीर्तीला अंगणात नेलं. भूषणसाठी भोकाभोकांचा एक स्वेटर कसाबसा गळ्यापर्यंत आला, आणि बायजाबाई सगळ्यांसमोर गरजली होती, "सुमित्रा, घे. तुह्या सुनेचा गळा तू घाल."

"नाई म्हणता आलं नाई मले," सुमित्राबाई म्हणाली. "दहा बायका पाहून राहिल्या होत्या. सुई हातात घेतली अन इचारलं, फंदे किती? तो माहा तिच्याशी पयला शब्द."

"एकशे चार," कीर्ती म्हणाली. "मी सांगतलं, एकशे चार. अजून ध्यानात हाय."

सुमित्राबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मंग तुह्या खोट्यात कायले बोट घालू मी?"

बायजाबाईला त्या दोघींकडे बघवेना. तिने पिशवीतून स्वेटर काढला आणि नाक ओढत म्हणाली, "बरं बरं. आता शिकवता का नाई?"

मग काय, कीर्तीने सात वर्षांची उधारी फेडून घेतली. "उसवा पयले. धाग्यापर्यंत उसवा." पांढऱ्या धाग्याने खालचं सगळं जसंच्या तसं धरून ठेवलं होतं. "आता पट्टी विणा अन बंद कराले दोन नंबर मोठी सुई घ्या. हां. सैल, मावशी, सैल! बैल बांधून राहिल्या का?"

"माहेच शब्द मले सांगते का, पोट्टे?"

"दर दहा फंद्याले ताणून पाहाचं. बंद केलेलं अंगाइतकंच ताणलं पायजे. नाई ताणलं तं उसवा."

बायजाबाईने तीनदा उसवलं. चौथ्यांदा हात मोकळा झाला. पण ती तिथे शेवटापर्यंत गेली नाही. अर्धा गळा सुईवर ठेवून घरी आली आणि दुपारी अंगण भरल्यावर मधोमध उभी राहिली.

"आयका व सगळ्या. दुसऱ्याच्या हातानं गळा घातल्यानं काही गुण येत नाई. आपल्या हातानं घातला तं काही वाईट होत नाई. मले येत नव्हता म्हणून मी थाप मारली होती. आज सकाळी कीर्तीपाशी शिकली. रीता, तू घाबरू नोको, खुशबूले काही होत नाई. मी तुले घाबरवलं, ते माहं चुकलं."

बाकीच्यांना सगळं माहीत होतं, तरी बायजाबाईच्या तोंडून 'माहं चुकलं' हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. रीताने तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे आता ज्याचा गळा त्यानं घालाचा का?"

"ज्याले जसं पटन तसं," बायजाबाई म्हणाली आणि खाली बसून विणू लागली.

बऱ्याच जणींचे चेहरे उतरले. एकीने आपला गळ्यापर्यंत आलेला स्वेटर मांडीवरच दुमडून ठेवला. बायजाबाईने मान वर केली नाही. शेवटचा फंदा राहिला तेव्हा लोकर तोडली, टोक त्यातून ओढून घेतलं आणि खुशबूला बोलावलं. डोकं एका झटक्यात पार झालं. डाव्या बाजूला गळा जरासा वाकडा होता, जिथे तिने शिकायला सुरुवात केली तिथे. खुशबूने तिथेच हात ठेवला आणि आजीच्या गळ्यात पडली. बारा तारखेला नागपूरहून तिची गाडी निघाली, तेव्हा तो मोरपंखी स्वेटर तिच्या अंगात होता, आणि नागपूरला तेव्हा मुळीच थंडी नव्हती.

बायजाबाईने त्यानंतर लगेच नवा स्वेटर धरला. राखाडी, मोठ्या मापाचा. कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, "नाडीवाल्याचा." महिनाअखेरीला तो गळ्याशी आला. त्या दुपारी अंगणात सगळ्या आपापल्या सुयांकडे बघत होत्या, पण लक्ष सगळ्यांचं तिच्याकडे होतं. आता बाईला गळा येतो. आता ती मोठी सुई काढील, घालील, आणि मग आपणही आपापले घालू, असं प्रत्येकीच्या मनात होतं. इतक्या दिवसांत कुणीच गळा घातला नव्हता. चार स्वेटर तसेच सुयांवर अडकून पडले होते.

बायजाबाईने पांढरा धागा ओवला. डब्यातून दोन नंबर मोठी सुई काढली, उन्हात धरून बघितली. मग उठली, चटई ओलांडून सुमित्राबाईपाशी गेली आणि सुईसकट स्वेटर तिच्या मांडीवर टाकला.

"घे. गळा घाल."

"काहून?" सुमित्राबाई म्हणाली. "आता तं तुले येते ना?"

"येते. म्हणूनच देऊन राहिली. आतापर्यंत येत नव्हता म्हणून देत होती."

शेजारी रीताने आपला स्वेटर हळूच उचलून कीर्तीपुढे सरकवला. सुमित्राबाईने चष्मा चढवला आणि सुई हातात घेतली.

"फंदे किती?"

"एकशे बारा," बायजाबाई म्हणाली आणि तिच्याच चटईवर बोरं खात बसली.